दुसरं मशीन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, काकांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांसमोर तोंड उघडायची माझ्यात धमक नाही. एवढं आधीच कळलेलं बरं.

मी चिडलेलो आहे. चार वर्षं झाली, चिडलेलोच आहे. कोणावर? सांगतो ना — जरा दम धरा.

सारंगखेड्याजवळ आमची केळी आहे. शेती काका बघतात, मी इंजिनिअर. शहाद्यात एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि सायसिंग व्हॅलिडेटर चालवायचो. आता व्हॅलिडेटर म्हणजे काय, हे लग्नाकार्यात सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे जगभरातल्या मशीनांनी मिळून लिहिलेली एकच वही. प्रत्येक नव्या पानावर ‘हे बरोबर आहे’ अशी सही काही मशीनं करतात, तेच व्हॅलिडेटर. सही होते एका गुप्त किल्लीने — किल्ली म्हणजे एक छोटीशी फाईल. लोक तुमच्या मशीनवर भरवसा ठेवून आपली नाणी त्याच्या पाठीशी लावतात. मशीन थोडा वेळ बंद पडलं तर दंड चिमूटभर. पण एकाच पानावर त्याने दोन वेगवेगळ्या सह्या केल्या, तर ते खोटा साक्षीदार ठरतं. पाठीशी असलेल्या सगळ्यांची नाणी कापली जातात आणि त्या मशीनला नेटवर्क कायमचं हाकलून देतं. तिथे अर्ज नाही, विनंती नाही, वशिला नाही.

सायसिंग धडगावच्या पलीकडच्या पाड्यातला पावरा आदिवासी. कॉलेजात माझ्याच वर्गात होता. माझ्यापेक्षा हुशार — बघा, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय! सगळी मांडणी त्याची. सर्व्हर त्याने उभा केला, फायरवॉल त्याने लावली, लाइट गेली-आली की मशीन आपोआप सुरू व्हावं ही सोय त्याची. माझं काय होतं? खोली मिळाली ती ओळख माझी, काकांचा पाठिंबा माझा, आणि पाटीवर नाव माझं.

त्याचा एकच हट्ट होता. “एक किल्ली, एकच मशीन. लाइट गेली तर बंद राहू दे. बंद पडल्याने कोणी मरत नाही रे.”

पण मला ते बंद पडणं सहन व्हायचं नाही. नेटवर्कच्या वेबसाइटवर प्रत्येक मशीनची हजेरी जाहीर दिसते. आमची शंभर टक्के होती. साखरपुड्यात, तेराव्याला, कुठेही — मी मोबाइल काढून दाखवायचो. ज्यांना ब्लॉकचेनचा ब कळत नाही, ते पण म्हणायचे, शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के! त्या आकड्याचं मला वेड लागलं होतं. वेडच, दुसरा शब्द नाही.

होळीला सायसिंग गावी गेला. त्या वर्षी त्याचा नवस होता, पाळणी पाळत होता. म्हणजे जमिनीवर झोपायचं, दारूला शिवायचं नाही, सगळं कडक. जाताना म्हणाला, “चार दिवस रेंज नाही. कशाला हात लावू नकोस.” मी म्हटलं, हो. आणि त्याची जीप धडगावचा घाट चढायच्या आधीच मी किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन गावातल्या घरी आलो होतो. घरच्या इन्व्हर्टरवर दुसरं मशीन मी गुपचूप तयार ठेवलं होतं. कळलं ना? दुसरं मशीन माझं. किल्ली मी कॉपी केली. मी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शहाद्याची लाइट गेली. मी इकडचं मशीन चालू केलं. हजेरी तुटली नाही, म्हणून खूश होऊन जेवायला बसलो. तेवढ्यात तिकडची लाइट आली. खोलीतलं मशीन आपोआप उठलं, आणि दोन्ही मशीनं एकाच किल्लीने सह्या करू लागली. वरण-भात संपायच्या आत आम्ही कायमचे बाहेर फेकले गेलो होतो.

या धंद्यात एक रीत आहे. असं काही घडलं की चालवणाऱ्याने सगळ्यांसमोर अहवाल लिहायचा — काय झालं, कोणी केलं, खरं खरं. तिथे लोक समजूनही घेतात हो! चूक कबूल करणाऱ्याच्या पाठीशी पुन्हा उभेही राहतात. मग मला काय धाड भरली होती? एक वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, तेही चांगल्या इंग्रजीत, की माझ्या सहकाऱ्याने सुट्टीवर जायच्या घाईत किल्ली दुसऱ्या मशीनवर टाकली आणि मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवून गेला. त्याचं पूर्ण नाव लिहिलं. त्याचीच सोय त्याच्या गळ्यात बांधली. आणि हे केलं कधी? तो रेंजच्या बाहेर होता तेव्हा.

काकांना सांगितलं, तर काका लगेच म्हणाले, “सण व्हता ना त्याना! पीसन करी गया व्हई, दुसरं काय!” ओट्यावर बसले होते ते सगळे हसले. एकाने तरी विचारावं, की सायसिंग पितो का? नाही. डोंगरातला माणूस म्हटल्यावर यांना पुरावा लागतोच कुठे! मला त्यांचा संताप येतो. पण त्याला पाळणी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आणि मीही हसलो. थोडंसं नाही — चांगला हसलो.

सायसिंग उतरून आला तो थेट आमच्या ओट्यावर. मशीनच्या नोंदी त्याने वाचल्या होत्या, दुसऱ्या सह्या कुठून निघाल्या हे त्याला कळलं होतं. काकांसमोर उभा राहून मला म्हणाला, “यांना सांग, दुसरं मशीन कुठे होतं.” मी म्हटलं, “मला काय माहीत?” तो ओरडला, “माझ्याकडे बघून सांग!” मी बघितलं. त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच म्हणालो. काका उठले. “खोलीनी चावी दी दे आन् निंघ.” त्याने चावी ओट्यावर आपटली आणि गेला.

मशीन खोटं बोललं तर नेटवर्क त्याला कायमचं हाकलतं. मला कोणी हाकललं? मी सहा महिन्यांत नव्या किल्लीने नवी पाटी लावली. सायसिंगने लिहून ठेवलेल्या सूचना समोर ठेवूनच सगळं पुन्हा उभं केलं. आता कॉलेजवाले मला भाषणाला बोलावतात, शाल देतात, आणि मी — हरामखोर मी — तिथे सांगतो की एक किल्ली दोन मशीनवर टाकू नका, माझ्या एका सहकाऱ्याने टाकली होती. पोरं हसतात.

सायसिंग एका आश्रमशाळेत तासावर गणित शिकवतो. इंटरनेटवर त्याचं नाव शोधलं की सगळ्यात वर माझा अहवाल निघतो.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांचंही काम व्हॅलिडेटरचंच. बाई होत्या, नीट बोलत होत्या. सायसिंगने अर्ज केला होता. परीक्षेत पहिला आलाय म्हणाल्या, पण तो जुना अहवाल आडवा येतोय. “तुमचा नंबर त्यांनीच दिला. म्हणाले, त्याला एकट्याला विचारा, घरचं कोणी समोर नसताना. तो खरं सांगेल.”

एवढं सगळं होऊन — तो असं म्हणाला!

मी केळीत उभा होतो. काका नव्हते, चिटपाखरू नव्हतं. घाबरायला होतं कोण?

बाईंनी विचारलं, “किल्ली त्यांनीच कॉपी केली होती का?”

मी म्हणालो, “हो. त्यानेच.”