फाट्यावरून गेलेली गाडी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिच्यापासून माझी चोरून ओढलेली विडीसुद्धा लपत नाही, पण हे लपलं. आज तुम्हांला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात मी गुहागर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राची रुग्णगाडी चालवायचो. पंधरा-वीस गावांत ती एकच गाडी. वाड्या डोंगरात, रस्ता खाली. पोस्टातून फोन आला की मी फाट्यावर जाऊन उभा राहायचो आणि माणसं आजाऱ्याला बांबूच्या डोलीत घालून घाटी उतरायची. खांदे तरी कुणाचे? तरणे सगळे मुंबईला, मागे म्हातारे नि बायका. म्हणून ड्रायव्हरने थांबायचं. किती? डोली येईपर्यंत. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण वाडी त्याच भरवशावर निघायची.

लोक मान द्यायचे. घरी नारळ यायचे, कोकमं यायची. मला ते फार आवडायचं.

शिमग्याचे दिवस होते. वरच्या वाडीचा शिमगा उरकून चाकरमानी परत गेले होते. आमच्या गावची पालखी मात्र अजून घरोघर फिरत होती, आणि त्या दुपारी ती माझ्या दारात यायची होती. देवी वर्षातून एकदा दारात येते, नि घरचा कर्ता पुरुष नाही? हेच सकाळपासून डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात फोन आला — वरच्या वाडीतल्या धोंडूआजांची सून बाळंतपणात अडलीय, डोली निघाली.

साडेअकराला मी फाट्यावर होतो. साडेबाराला निघालो.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. गाडी वळवताना मला डोली दिसली. हो, दिसली. काजूंच्या मधून हळूहळू उतरत होती, पुढच्या खांद्याला धोंडूआजा, डोक्याला पांढरं फडकं. यांना अजून तासभर तरी लागेल, तोवर जाऊन येऊ, असं मी मनाला समजावलं. घरी पालखी नाचवली, ओटी भरली, प्रसाद खाल्ला. परत आलो तर फाट्यावर कुणी नाही. तिला चिऱ्यांच्या ट्रकात घालून नेलं होतं. सून वाचली. मूल ट्रकातच जन्मलं आणि गेलं.

मी थांबलो असतो तर जगलं असतं? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो.

विचारणा झाली तेव्हा मी सांगितलं, दोन वाजेपर्यंत थांबलो, डोली आलीच नाही. वाडीत कुणाकडे घड्याळ नव्हतं. चार दिवसांनी धोंडूआजा माझ्याकडे आले. वाटलं, आता शिव्या घालणार. त्यांनी हात जोडले.

"डायवर, माजीच चूक. दोनदा टेकलो वाटेत. मला आपलं वाटलं, सूर्य अजून डोक्यावरच हाय. पन घड्याळ तुमच्याकडं. तुमी कशाला खोटं बोलाल?"

जन्मभर उन्हावर वेळ ओळखणारा माणूस — माझ्या शब्दाखातर त्याने आपले डोळे खोटे ठरवले. आणि मी काय केलं? चहा पाजला.

त्यांचा मुलगा मुंबईहून आला तो, बापाच्या उशिरानं मूल गेलं म्हणून, बापाशी बोलेनासाच झाला. माझ्या एका वाक्याने ते मिटलं असतं. नोकरीची भीती होती का? होती. पण खरं सांगू? ते नारळ यायचे बंद होतील, ही भीती जास्त होती.

पुढे वाडीतलं कुणीही आजारी पडलं की धोंडूआजा डोलीच्या आधी एकटेच घाटी उतरून फाट्यावर येऊन बसायचे. "येतायत हां मागनं. थांबा जरा." इतकं म्हणायचे. मी थांबायचो. प्रत्येक वेळी ते बाजूच्या दगडावर बसलेले, आणि मी गाडीत.

मग एकदा डोलीत तेच आले. छाती भरलेली, धड बोलवत नव्हतं. स्ट्रेचर आत सरकवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज उशीर नाय ना केला आमी?"

"नाही, आजा," मी म्हटलं, आणि दार लावलं.

तिसऱ्या दिवशी ते गेले. उशीर त्यांनी सुनेच्या वेळी, त्या दिवशीही केला नव्हता — हे मी त्यांना सांगितलं नाही.