ताईनं प्याला पुढे जाऊ दिला

माझ्या ताईला महारोग होता.

इतकी वर्षं घरात हा शब्द कुणी मोठ्यानं काढला नाही. आज सकाळी ती गेली, म्हणून इथं उघड लिहिते. कुणाला लाज वाटत असेल तर त्यानं मला खुशाल अनफ्रेंड करावं.

आणि रोगानं नाही गेली ती. पिकलं पान होऊन गेली.

गोष्ट पन्नास-पंचावन्न सालाकडची. आम्ही वर्ध्याजवळ सिंदी रेल्वे या गावी राहायचो. बाबा स्टेशनवर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. ताईचं लग्न पुलगावच्या मुलाशी ठरलेलं, आणि मी तिच्या मागे फिरणारं शेंबडं शेपूट.

एका संध्याकाळी ताई भाकरी टाकत होती. मला जळल्याचा वास आला.

पाहते तर तव्याची कड तिच्या मनगटाला टेकलेली. कातडी करपत होती, आणि ही बाई आपली गुणगुणतेय!

"ताई, हात जळून राह्यला तुया!"

तिनं हात पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बांगड्या सरकल्या होत्या, खाली फिकट चट्टा.

"कोणाले सांगू नको वं. मले गावाबाहेर काढतीन."

उगाच नव्हती म्हणत. नाल्यापलीकडे झोपडीत असाच एक माणूस राहायचा. त्याची बायको दुरूनच भाकर ठेवून पळायची. ताईची झोपडी आता त्याच्या शेजारी, या भीतीनं मला जेवण जाईना.

महिन्यातून एकदा वर्ध्याहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, यायचे, प्रभुभोजन द्यायला; येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा तो विधी. आई मनुका भिजवून रस काढून ठेवायची. प्याला एकच. सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे.

त्या महिन्यात ताईनं ओठ न लावता प्याला पुढे जाऊ दिला.

आपला रोग दुसऱ्याला लागेल, म्हणून.

पण आमच्यात प्याला टाळला म्हणजे पोटात पाप. झालं! बायांना कुजबुजायला विषय मिळाला. पुढच्या महिन्यातही तेच. आईनं तिला घरात गाठलं.

"काऊन नाई घेत? कोणाच्या नादी लागली? दिवस तं नाई गेले ना वं?"

ताई चुलीतली राख ओढत राहिली. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

दुपारी ताई गोवऱ्यांच्या ढिगामागे गुडघे टेकायची. मी बाजूला बसून ऐकायची.

"प्रभू, बरं करशीन तं कर. नाई तं राहू दे. पण मले खरं बोलाचा धीर दे. लय भेव वाटून राह्यलं."

पुढच्या वेळी पाळकसाहेब आले, प्याला उचलला, आणि ताई उभी राहिली. तिनं बांगड्या वर सरकवल्या.

"माया पोटात पाप नाई. माया हातावर महारोग हाय."

बाप्पा! सतरंजीवर एकदम जागा झाली तिच्याभोवती. बायांनी लेकरं ओढली. आईनं तोंडात पदर कोंबला. पाळकसाहेबांनी प्याला खाली ठेवला.

मला वाटलं, आता हाकलतात.

बाबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. पुढे बसायचे, प्याला आधी त्यांच्याकडे. माणूस मात्र एक नंबरचा भित्रा, पालीला पाहून खाटेवर चढणारा. ते उठले आणि मागे येऊन ताईशेजारी बसले.

"साहेब, आधी समद्यायले द्या. मंग पोरीले. तिच्यामांगं मले."

"बाबा, नोका ना!" ताई रडायला लागली.

ती प्यायली. मग बाबांनी प्याला घेतला. डोळे घट्ट मिटले, रस सदऱ्यावर सांडला. पण प्यायले.

प्याल्यानं हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी हे बाबांना माहीत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी जेवताना त्यांच्या ओठांवर चट्टा शोधायची.

पुलगावचं लग्न मोडलं. काही घरांनी आमच्याकडचं पाणी सोडलं. पण ताई गावाबाहेर गेली नाही. बाबा तिला उजळ माथ्यानं वर्ध्याला दवाखान्यात न्यायचे. वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. नंतर त्याच दवाखान्यात नोकरी धरली. चट्टा लपवत आलेल्या पोरींना आधी ताईजवळ बसवायचे.

मी एकदा विचारलं, "तुयी भीती प्रभूनं काढली कशी?"

"काढली कुठं वं? भीतीसंगटच उभं केलं त्यानं मले."

परवा सावंगीच्या हॉस्पिटलात, ताईच्या खाटेशी मी रडत बसले होते. तिनं डोळे उघडले.

"मी गेल्यावर भेव वाटीन तुले?"

"वाटीन."

"वाटू दे. तशीच प्रार्थना करजो."

ताई, आज दफनाहून घरी आले. घर रिकामं. भेव वाटून राह्यलं.

तशीच गुडघ्यावर बसले.

जा माय. प्रभूच्या हाती सुखरूप राह्यजो.