सदतीस नंबरची आजी

खोटा भरलेला फॉर्म मला लांबून ओळखू येतो. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि दरवर्षी दिवाळीनंतर माझ्या टेबलावर सर्वेक्षणाच्या फॉर्मचे गठ्ठे येऊन पडतात. खऱ्या फॉर्मवर खाडाखोड असते, कुठंतरी चहा सांडलेला असतो, अर्ध्या प्रश्नांपुढं 'माहीत नाही' असतं. खोट्या फॉर्ममध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं. हल्ली पोरं मोबाइलकडून भरून घेतात, त्यामुळे डोंगरातला नाचणी पेरणारा माणूस एकदम अग्रलेखासारखा बोलायला लागतो. मी गठ्ठा परत करते आणि सांगते, जा, माणसं गाठा. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणू देत. मला हे ओळखू येतं, कारण मी स्वतः एकोणचाळीस खोटे फॉर्म भरलेत, आणि ते काम जेवढं मन लावून केलं तेवढं मन लावून नंतर खरं कामही क्वचितच केलं असेल.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांनी मला आणि माझ्या मैत्रिणीला प्रकल्प दिला होता, डोंगरातल्या तळेघरच्या पुढच्या वाड्यांमधल्या पन्नास कुटुंबांचं जीवनमान. मी डिंगोऱ्याची, ती पिंपळवंडीची. दोघी बागायती गावांतल्या, असला डोंगर फक्त बसच्या खिडकीतून बघितलेल्या. फॉर्म चार पानी होता. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, भात किती होतो, दवाखाना किती लांब, आणि शेवटी 'शेरा' म्हणून एक मोठा रिकामा चौकोन.

आठ दिवस जायचं ठरलं होतं, आम्ही दोन दिवस गेलो. तीन बस बदलून तळेघरला पोचायला अकरा वाजायचे, तिथून वाडी तासभर चढावर. भातकापणी चालू होती. घरांना कड्या आणि माणसं खाचरात. वाकून भात कापणाऱ्या बाईला आम्ही बांधावरून विचारायचं, 'तुमच्या करमणुकीची साधनं कोणती?' एकीनं विळा तसाच हातात धरून माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं पुढचा प्रश्न घेतला. दुसऱ्या दिवशी परतीची बस चुकली, आम्ही मरमर चाललो, शेवटी एका जीपला लटकून खाली आलो आणि मैत्रिणीच्या पायाला हे एवढे फोड आले. तोपर्यंत अकरा फॉर्म झाले होते. ती म्हणाली, पन्नास फॉर्म कोण वाचतंय? मला ते एकदम पटलं. माझ्या आधीच्या सगळ्या पोरापोरींना ते पटलेलं होतंच.

उरलेले एकोणचाळीस आमच्या पडवीत भरले. दिवाळीची सुट्टी होती, आई-वडील भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. चार रंगांची पेनं आणली होती. काही फॉर्म डाव्या हातानं लिहिले, अंगठे घरच्यांचे घेतले. आईला आधी हे आवडलं नाही, पण पाच-सहा फॉर्म झाल्यावर तिला चव लागली. 'हिला तीन पोरं दे.' 'ह्याचा बैल मेलेला दाखव.' वडील हिशेबी. त्यांनी माझ्या एका शेतकऱ्याला एवढ्याशा खाचरात किती भात पिकवायला लावतेस म्हणून झापलं, आणि मी तो कमी केला.

सदतीस नंबरला पोचेपर्यंत माझा हात इतका बसला होता की मला शेरा लिहायची हौस आली. एकटी राहणारी म्हातारी. नाव आत्याच्या सासूचं दिलं, आडनाव त्या वाडीत निम्म्या घरांचं होतं ते लावलं. घर ठेवलं कड्याखालच्या वस्तीत, कारण तिथवर आम्ही चढलोच नव्हतो. मुलगा शहरात गेला तो परत आला नाही. पाणी झऱ्यावरून, दोन खेपा. आईनं तिला मोतीबिंदू दिला. वडिलांनी तिचं रेशनकार्ड फाडलं. आणि मी लिहिलं की तिच्याकडं एक कोंबडी आहे, तिचं अंडं ती विकत नाही, स्वतः खाते, कारण 'माज्यासाटी दुसरं कोण करणार'. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि मला खरोखर भरून आलं. आईनंही डोळ्याला पदर लावला. असा तो आमचा संशोधनाचा दिवस.

आता बोला, सरांनी पन्नासच्या पन्नास वाचले. आमचे सर साठीला टेकलेले, शांत, आणि फार सरळ माणूस. कॉलेजच्या झेरॉक्सवर स्वतःच्या आधारकार्डाची प्रत काढायची तरी बाहेर दुकानात जायचे. त्यांनी सदतीस नंबरचा शेरा वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. कोंबडीचं वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, याला म्हणतात माणसाशी बोलणं. मी मान खाली घातली, ती सगळ्यांना नम्रता वाटली. खरं सांगते, त्या वेळी मला लाज नाही वाटली, राग आला. वाचायला कुणी सांगितलं होतं ह्यांना?

वाचून थांबले असते तरी निभावलं असतं. सरांनी स्वतःच्या पैशानं फुलस्केप कागद आणला आणि तालुक्याच्या ऑफिसात अर्ज केला, की अमुक वस्तीवर अमुक नावाची निराधार वृद्ध महिला राहते, तिला अनुदान मिळावं. अर्ज तिथल्या तलाठ्याकडं चौकशीला गेला. महिन्याभरानं उत्तर आलं की असा कुणीही इसम सदर वस्तीत आढळून आला नाही.

सर संतापले. मी त्यांना संतापलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तलाठ्याविरुद्ध लेखी तक्रार केली, की माझ्या विद्यार्थिनी पायी त्या वस्तीवर गेल्या, तिला भेटल्या, तिच्याशी बोलल्या, आणि पगार घेणारा माणूस तिथं फिरकलाही नाही. पुढच्या तासाला त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. तलाठ्याला नोटीस निघाली होती. पोरगा नवा आहे, अजून नोकरीत कायम व्हायचाय, आता त्याला कळेल, असं म्हणाले. आणि मग म्हणाले, "घरात बसून कागद भरायचे आणि खाली सही ठोकायची. असल्या माणसांचं मला तोंड बघवत नाही." हे बोलताना ते माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. एक अनोळखी माणूस, ज्यानं खरं तेच लिहिलं होतं, त्याची माझ्यापायी नोकरी जायची वेळ आली होती. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, सोपं आहे, म्हातारी वारली म्हणून सांग. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती, फेल झालो तर वर्ष जाईल, बी.एड. जाईल, हे सगळं तिनं बोटांवर मोजून दाखवलं. तिचं चूक नव्हतं. मी खूप प्रयत्न केला, पण मला काही त्या म्हातारीला मारवेना. आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मारू नगं गं. बिचारी एकटीच हाय." म्हणजे घरातही आता कुणी शहाणं उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, सर, सदतीस नंबर खोटा आहे. ती बाई नाही.

सरांनी विचारलं, "कोंबडी?"

"ती पण नाही, सर."

ते आत गेले, गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, यातले खरे वेगळे कर. मी अकरा काढले. त्यांनी अकरा एका बाजूला ठेवले, एकोणचाळीस दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची पानं उलटत राहिले. खऱ्या अकराही फॉर्मचा शेरा कोरा होता. तिथं आम्ही काही विचारलंच नव्हतं. सर ओरडले असते तर मी वाचले असते, असं मला तेव्हा वाटलं. शेवटी म्हणाले, प्रकल्प अकरा कुटुंबांचा कर, जेवढे मार्क मिळतील तेवढे घे, मैत्रिणीला मी सांगतो. आणि उद्या पहिल्या बसला स्टँडवर ये.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला पत्र वाचायला दिलं. तहसीलदारांना लिहिलं होतं, की तक्रार सपशेल चुकीची होती, मी न तपासता एका प्रामाणिक कर्मचाऱ्यावर आरोप केला, दोष संपूर्ण माझा आहे, त्यांच्यावरची कारवाई मागे घ्यावी. माझं नाव कुठंच नव्हतं. मी म्हटलं, सर, माझंही लिहा. ते म्हणाले, तक्रारीवर सही माझी आहे.

तलाठी आम्हाला तालुक्याच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर भेटला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. सरांनी आपण कोण ते सांगताच तो हातातला चहा तसाच ठेवून उभा राहिला, त्याला वाटलं आणखी काहीतरी घेऊन आलेत. सरांनी हात जोडले. म्हणाले, भाऊसाहेब, माफी मागायला आलोय. आणि झालेलं सगळं सांगितलं. मीही तोंडानं सांगितलं, की ती आजी मी बनवली. मला वाटलं होतं तो चिडेल, चार शब्द सुनावेल. ते ऐकायची मी तयारी करून आले होते. त्यानं पत्र वाचलं, घडी केली, पण परत दिलं नाही.

"हे आत देऊ नका, सर," तो म्हणाला.

सर म्हणाले, घाबरू नका, यात तुमची बाजू खरी ठरतीय.

"आता न्हाई ठरत," तो म्हणाला. "पयल्यांदा खरं लिहिलं व्हतं. तीन दिवस त्या वस्त्या पायी फिरलो, घर ना घर विचारलं, मग लिहिलं. त्याच्यावर नोटीस आली. मग खोटं लिहिलं. त्याच्यावर काय आलं न्हाई."

त्यानं नोटिशीच्या खुलाशात लिहिलं होतं, की फेरचौकशीत सदर वृद्धा आढळून आली, तथापि ती कायमची लेकीकडे भोसरीला राहायला गेली असल्याने अनुदानाचा प्रश्न उद्भवत नाही. खाली दोन पंच आणि त्यांच्या सह्या. खुलासा मान्य होऊन फाइल बंद झाली होती.

मी तिला मुलगाच दिला होता. मुलगी त्यानं घातली.

सर टपरीच्या बाकड्यावर बसले. पत्र आत दिलं तर त्याचा दुसरा अहवाल खोटा पडणार होता, आणि खोट्या अहवालाला नुसती नोटीस येत नाही. नाही दिलं तर तो सुटला होता. तलाठी त्यांच्यापुढं उभा राहून एवढंच म्हणाला, घरी बायकोला सातवा महिना आहे. सरांनी हात पुढं केला, त्यानं पत्र त्यांच्या हातात दिलं, आणि सरांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. चहाचे पैसे देऊन आम्ही स्टँडवर आलो. ऑफिसच्या पायऱ्या आम्ही चढलोच नाही.

येताना बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले, शेजारी बसायचं धाडस होईना. ते सारखा हात खिशाशी नेत होते. मला इतकं वाईट वाटत होतं की रडूही येईना. आयुष्यभर या माणसानं कॉलेजचा खडूही घरी नेला नसेल, आणि आज माझ्यापायी खोट्यावर पांघरूण घालून तो एसटीत बसला होता. जुन्नर स्टँडला उतरल्यावर मी कसंबसं म्हटलं, सर, माझी चूक झाली.

सर म्हणाले, "तुला सांगायला मी तरी होतो. मी कुणाला सांगू?"

त्यांच्या गावची बस लागली होती, ते गेले आणि चढले.