खाक्या बठेल शे

बैलगाडी दारात जुंपून उभी होती, पत्र्याच्या पेटीला काथ्याचा दोर आवळून झाला होता, आबांनी गाडीवाल्याला दोनदा तंबाखू दिली होती, आणि माय म्हणत होती, "तुन्हा डाव शे, बापू. डाव खेळीसन जाय."

बापू म्हणजे मी. वय तेवीस, मिशी फुटलेली, मॅट्रिक तिसऱ्या फटक्यात पास, खिशात भिलाईच्या नोकरीचा कागद. असा मी पेटीवरून उठलो आणि चिंध्यांच्या कुत्र्याशी खेळायला जमिनीवर मांडी घालून बसलो. गाडीवाल्यानं ते पाहिलं. नंदुरबार स्टेशन येईपर्यंत तो मधूनमधून मागे वळून माझ्याकडे बघत होता. असल्या माणसाला कारखान्यात कोणी घेतलं, हे त्याला पडलेलं कोडं मला पाठीमागूनसुद्धा दिसत होतं.

काशी, तुला यातलं बहुतेक ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण आपल्यातले कोणी सुरतेला गेले, कोणी इंदूरला, आणि त्यांच्या पोरांना हा खेळ माहीत नाही. दुसरं म्हणजे, धाकट्या बहिणीच्या आठवणीत थोरला भाऊ असतो त्यापेक्षा बरा दिसतो. ते एकदा दुरुस्त करायचं आहे.

खेळ मायचा. वैशाखातल्या दुपारी आपल्या गावात चिटपाखरू बाहेर नसायचं. आबा शिलाई मशीनवर, लग्नसराईचे कोट डोक्यावर आलेले, आणि माय भिंतीला टेकून कोटांची काजं करत बसलेली. बटणाच्या भोकाच्या कडा हातानं शिवायच्या, एकामागून एक. बोटं कामात, पण तोंड रिकामं. त्या रिकाम्या तोंडातून हा खेळ निघाला. तिनं एका मांजरपाटाच्या तुकड्यावर निळ्या दोऱ्यानं तापी शिवली, काळ्यानं सातपुडा, आणि वर कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे सातपुड्यातलं काठी गाव. शिवलेले कपडे घेऊन निघालेला आपला तांडा होळीच्या आत काठीला पोचवायचा. तिथली राजवाडी होळी मायनं कधी पाहिली नव्हती, धडगावकडच्या गिऱ्हाइकांकडून नुसती ऐकली होती. पण रस्त्यातला प्रत्येक ओढा ती अशी सांगायची, जणू कालच पाय धुऊन आली.

प्रत्येकाचं एक बटण. ते बटण म्हणजे आपण. माझं पितळी, कुणा रेल्वेवाल्याच्या कोटाचं. तुझं लाल. मायचं शिंपल्याचं, पांढरं, चार भोकांचं. आणि प्रत्येकाच्या सोबतीला एक जनावर. तुझं छत्रीच्या काळ्या कापडाचं अस्वल. माझा खाक्या. माझ्याच शाळेच्या चड्डीच्या खाकी कात्रणाचा कुत्रा, पोटात कापूस, एक कान शिवायचा राहिला तो राहिलाच. माय हातातलं काज न सोडता सांगायची, "झाडीमाईन वाघ निंघना. आते काय करशी?" आपण काय करणार ते सांगायचं आणि चार कवड्या टाकायच्या. निदान दोन उताण्या पडल्या तर जमलं, नाहीतर वाघाचं जमलं.

सगळी गंमत जनावराच्या नियमांत होती. आपला डाव आला की एकच गोष्ट करता यायची. एक तर आपलं बटण लढणार, नाहीतर आपण जनावराला हुकूम देणार. दोन्ही नाही. "हात नही तं तोंड," असं माय म्हणायची. हुकूम नसला तर जनावर स्वतःपुरतं वाचायचं, चावायचं नाही. हुकूम मालकाच्याच तोंडचा लागायचा. आणि एकदा "बठ" म्हणून बसवलेलं जनावर मालक "ऊठ" म्हणेपर्यंत बसून राहायचं, मग वाघ येवो की पूर. बसवायला कवड्या टाकाव्या लागत नसत. उठवायला लागत.

मला त्या दिवसांत शुद्ध बोलायचं खूळ लागलं होतं. मॅट्रिकला मराठीतच नापास झालो होतो, त्याचा तो परिणाम. वाघ पुढ्यात उभा आणि मी छाती काढून म्हणालो, "खाक्या, त्यास पकड!" कवड्या तीन उताण्या पडल्या. माय शांतपणे म्हणाली, "हालना नही तो."

"का बरं?"

"त्याले समजनं नही. तुन्हा कुत्रा शाळामा गयेल नही, बापू."

वाघानं पितळी बटण उचललं. तू हसून हसून आडवी झालीस, आणि आबांचं मशीन, जे गावात कोणी मेलं तरी थांबत नसे, ते थांबलं.

तर निघायच्या दिवशी तांडा तापीच्या उतारावर अडलेला. पाणी गुडघ्याएवढं, पलीकडून दरोडेखोर येताहेत, तू आणि तुझं अस्वल पुढे गेलेले, मायचं शिंपल्याचं बटण अलीकडच्या काठावर एकटं. बाहेर बैल शेपट्या हलवतायत. मी विचार केला नाही. सगळ्यात सोपा हुकूम दिला, ज्याला कवड्याही टाकाव्या लागत नाहीत. "खाक्या, मायजोडे बठ." मायजवळ बस.

माय म्हणाली, "बठना."

ती दारापर्यंत आली नाही. कापड पसरलेलं होतं, ते सोडून कशी उठणार? त्या वेळी मला ते खरंच वाटलं. स्टेशनावर आबा एवढंच बोलले, "बटन तुटनं तं तठेच लाव. लोंबू दिऊ नको."

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायला दोन वर्षं होती. भुसावळ, नागपूर, दुर्ग असं करत मी भिलाईला उतरलो, आणि लाल धुळीत सगळ्या देशाची माणसं एकमेकांना हिंदीत हाका मारताना पाहिली. एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तेलुगू, समोर सरदारजी. मी टाइम ऑफिसात क्लार्क. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं. ज्याला स्वतःच्या घरी कधी वेळेवर पोचता आलं नाही, त्याला हे काम मिळावं, यात देवाचा विनोद आहे. क्वार्टर मिळालं, सायकल घेतली, भोंग्यावर उठायला शिकलो, "चलो", "रुको", "छुट्टी कैन्सल" हे शब्द तोंडात बसले आणि आधीच्यांना थोडं सरकून बसावं लागलं.

दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं. मायला लिहिता येत नव्हतं, अक्षर तुझं. सुरुवात शाळेत शिकवलेली, "येथील सर्व क्षेम". मध्ये कापूस, लग्नं, आबांचा खोकला. आणि शेवटी एकच ओळ, जी तू शुद्ध करायला गेलीस तर माय खोडायला लावायची. *खाक्या बठेल शे.* तू एकदा कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "बसलेला आहे असं लिहिलं तर म्हणते, कुत्र्याला कळणार नाही."

मला मजा वाटायची. मी उत्तर लिहिलं, "खाक्याला माझा हुकूम सांग, ऊठ." पुढच्या कार्डात आलं, "कागदले तोंड ऱ्हास का? तुन्हा तोंडनं आयकी, तवय उठी." झालं! मी टाइम ऑफिसातला माणूस, नियमांत पोहणारा. आंतर्देशीय पत्र भरून वाद घातला. अक्षर माझं, सही माझी, तेव्हा तोंडही माझंच धरावं. कारखान्यात सहीनंच सगळं चालतं. तिनं उत्तर दिलं, कारखान्याचे कुत्रे वेगळे असतील. मी ते पत्र ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे हसले. सरदारजी मात्र हसता हसता थांबून म्हणाला, "अरे यार, माँ बुला रही है, तू केस लड़ रहा है?" मी त्याला म्हणालो, तुला आमच्या घरचा विनोद समजत नाही.

त्या वर्षी मला आठ दिवसांची रजा मिळाली होती. ती मी दोस्तांबरोबर जगन्नाथपुरीला घालवली. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

गेलो तो लग्न झाल्यावर, सुमनला घेऊन. ती नागपूरची, तिला आपली बोली नवी. मी टेरिलिनची पँट घातली होती, इस्त्रीची घडी अशी की तिच्यानं भाजी चिरावी. तीन दिवसांचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी मायनं पेटीतून मांजरपाट काढला, जमिनीवर पसरला, हातानं सुरकुत्या मोडल्या. तापीच्या उतारावर खाक्या बसलेला, शेजारी शिंपल्याचं बटण. कवड्या माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "तुन्हा डाव शे."

सुमन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आता वाटतं की ते कौतुकाचं होतं. पण मला माझ्या पँटची घडी दिसत होती. मी म्हणालो, "काय हे, माय. मी काय आता लहान आहे?"

तेही शुद्ध मराठीत म्हणालो.

मायनं मान हलवली. "खरं शे. तू मोठा व्हयी गया." तिनं कवड्या गोळा केल्या, कापडाची घडी केली आणि चहा टाकायला उठली. आबांचं मशीन चालूच होतं.

त्यानंतरच्या कार्डांत ती ओळ आली नाही. तू खांडबाऱ्याला सासरी गेली होतीस, अक्षर आबांचं, मोजकं, त्यामुळे मला वाटलं त्यांनीच गाळली असेल. खरं सांगू? वाटलंही नाही. मला ती नसल्याचं कळलंच नाही. सगळी कार्डं एकत्र काढून बसलो तेव्हा कळलं, आणि तोपर्यंत कार्डं येणं थांबलं होतं.

माय गेल्याची तार आली तेव्हा मी शिफ्टवर होतो. पोचलो तिसऱ्या दिवशी. तापीच्या त्याच काठावर सगळं उरकून राख सावडून झाली होती. टाइम ऑफिसच्या क्लार्कला कोणी "उशीर झाला" म्हणालं नाही. आपल्या माणसांत तेवढी रीत आहे.

चौथ्या दिवशी तू पेटी उघडलीस. मांजरपाट पसरला. खाक्या जिथे होता तिथेच, आणि मायचं बटण त्याला अगदी चिकटून. मी कवड्या हातात घेतल्या. इतक्या वर्षांचा हुकूम द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "चलो, उठो."

तू हळूच म्हणालीस, "दादा, त्याले हिंदी समजस नही."

आवाज हुबेहूब मायचा. आपण दोघं हसलो. मग ते हसणं कुठल्या कुठे गेलं ते तुला माहीत आहे.

डोळे पुसून मी नीट म्हणालो, "ऊठ रे खाक्या. चाल." कवड्या टाकल्या. तीन उताण्या. तू म्हणालीस, "उठना." मी त्याला उचलायला गेलो तर तो येईना. कापड त्याच्याबरोबर वर आलं. पाहिलं तर पोटाखालून पांढऱ्या दोऱ्यानं तो कापडाला टाचलेला, आणि तोच दोरा पुढे मायच्या बटणाच्या चार भोकांतून गेलेला.

आबा मशीनवर बसून होते. मशीन बंद होतं. न वळता म्हणाले, "कच्चा टाका शे. वढशी तं निंघी जाई. पेटीमा हरपाले नको म्हने ती."

शिंप्याच्या घरात जन्मलो, कच्चा टाका मला कोणी शिकवायला नको. माप ठरेपर्यंत कापड धरून ठेवायला घालतात तो. काढायचाच असतो, म्हणून गाठ मारत नाहीत. एका ओढीत निघतो. ती बाई खाक्याला माझ्यासाठी धरून होती, आणि मी आलो की एका ओढीत सोडणार होती.

दोऱ्याचं टोक मी चिमटीत धरलं. ओढणार, तेवढ्यात उतारावरचं ते शिंपल्याचं बटण दिसलं. खाक्या उठला तर तिच्याजवळ कोण? पलीकडून दरोडेखोर अजून येतच होते. मी अख्ख्या आयुष्यात तिच्यासाठी एकच काम करून गेलो होतो, तेही घाईत, सोपं म्हणून. त्या कामावर तो चिंध्यांचा कुत्रा माझ्या जागी बसला होता, एकाच कानावर.

मी टोक सोडलं. "बठ," म्हणालो. "मायजोडे बठ."

याला कवड्या लागत नाहीत. माझा डाव त्यातच गेला. हात नाही, नुसतं तोंड. माझं नेहमीचंच.

आता आबाही नाहीत, घरात दुसरं बिऱ्हाड आहे, आणि इथे नवीन माणूस विचारतो, "आप का गाँव?" तेव्हा मी नंदुरबार सांगतो, त्याला ते कळत नाही, मग भुसावळ सांगतो. पण डोळ्यांपुढे ना नंदुरबार येतं ना भुसावळ. खांडबाऱ्याला तुझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, निळ्या दोऱ्याची एक नदी आहे. तिच्या अलीकडच्या काठावर मला जागा आहे, माझा कुत्रा ती धरून बसला आहे.

तेव्हा काशी, उन्हाळ्यात कापडाला वारा देशील तो सावलीत दे, खाकीचा रंग उडतो. डांबरगोळ्या बदल. झटकू नको. आणि सुनांना, नातवंडांना खेळायला दिलंस तरी चालेल, फक्त तो दोरा कोणी ओढू नये. त्याला ऊठ म्हणून बघतील बिचारी. म्हणू दे. त्यांचं तो ऐकायचा नाही.