थांबाकाका आणि नवा रनटाइम

धाकटीने थांबाकाकांना पाहिलं नंतर, आधी ऐकलं. ऑफिसातला तिचा पहिलाच दिवस; सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. बोट एन्टरवर टेकणार, एवढ्यात मागून "थांबा!" अशी डरकाळी आली. बोट हवेत राहिलं, शेजाऱ्याचा घोट घशात अडकला आणि छताचा पंखाही फिरायचा थांबला, असं ती शपथेवर सांगायची. वळून बघते तर डरकाळीच्या मानाने अगदीच किरकोळ गृहस्थ, स्वेटरच्या आत कुठेतरी उभे.

"पॅकेज टाकताय? कुठल्या रनटाइमवर चालतं ते पाहिलंत?"

पॅकेज म्हणजे प्रोग्रामला जोडायचा, दुसऱ्यांनी लिहिलेला तयार तुकडा आणि रनटाइम म्हणजे प्रोग्रामच्या पायाखालची जमीन. ती बदलली की वरचं कोण कोसळेल, हे आधी ओळखणं हेच काकांचं काम. काकू म्हणायच्या, "मला होकार द्यायलासुद्धा वर्ष लावलं यांनी. तपासत होते म्हणे!"

पुढे एका रुग्णालयाच्या प्रोग्रामखालचा रनटाइम बदलायचा निघाला. प्रश्न एकच होता, पावत्या छापणारं पॅकेज नव्यावर चालेल का? धाकटीच्या ताईला नुकतंच बाळ झालेलं आणि तिकडे जायची धाकटीची बस संध्याकाळची. साहेब म्हणाले, "काका हो म्हणाले तर जा. नाहीतर बसून दुरुस्त करायचं."

"काका, वेबसाइटवर लिहिलंय, चालतं म्हणून."

"ते त्याच्या जन्मदात्यांनी लिहिलंय गं. ते कौतुकच करणार!"

काकांनी खिडकीतल्या जुनाट संगणकावर पॅकेज चढवलं आणि त्याचा पार पिट्टा पाडला. लांबलचक नावं, कोऱ्या पावत्या, एकदम शंभर रुग्ण. पॅकेजने हूं की चूं केलं नाही.

"पास! पळ आता मावशीबाई!"

धाकटीने बॅग खांद्याला लावली, आणि जाता जाता तिची नजर पडद्याच्या वरच्या ओळीवर गेली. तिथे जुन्या रनटाइमचा आकडा होता. काकांनी नवा टाकला होता, पण जुना काढलाच नव्हता, आणि संगणक सवयीने जुन्याकडेच गेला होता.

गप्प राहिली असती तर बस मिळत होती. दारापर्यंत गेलीही. मग रुग्णालयाच्या खिडकीपुढची रांग डोळ्यांसमोर आली आणि ती परत फिरली.

"काका, ही सगळी परीक्षा जुन्यावरच झालीय."

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "अरे देवा! म्हणजे नवरदेव सोडून त्याच्या थोरल्या भावालाच पसंत करून आलो की मी!"

नव्यावर लावताच पॅकेज पहिल्याच पावतीला आडवं झालं. दोघं हसून हसून बेजार झाले आणि मग दुरुस्तीला बसले.

महिने गेले, पण दुरुस्ती काही जमली नाही. धाकटीने भाचा पाहिला तेव्हा तो रांगायला लागला होता. रुग्णालय अजून जुन्याच रनटाइमवर आहे.