धुऱ्यावरची बाभूळ आणि चुकीची माती

माती तपासणीचे नमुने गोळा करत हिंडलं की पिशव्या कमी भरतात आणि किस्से जास्त! मी कृषी सहायक. पिशव्या लॅबमध्ये रिकाम्या होतात, किस्से मात्र डोक्यातच साचतात.

मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडच्या गावात एका भाऊंनी माती चाळून, खडे वेचून, वर हळदकुंकू वाहून दिली. म्हटलं, "हे काय?" तर म्हणे, "एवढ्या दूर जाऊन राह्यली, तशीच कशी पाठवू?" मी कपाळाला हात लावला.

*

त्याच गावच्या पार्वताबाईंचा रिपोर्ट आला आणि मी चाट पडलो. नुसत्या पावसावरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि मातीचा कस दाखवणारा सेंद्रिय कर्ब भरपूर! लगेच गाडी काढली.

"बाई, माती कुठून घेतली?"

"धुऱ्यावरच्या बाभळीखालून."

बांधावरची, झाडाखालची माती घ्यायची नाही, हा आमचा पहिला नियम! मी तडकलोच. बाई म्हणाल्या, "सरकारले द्याची तं चांगलीच द्या लागन ना, साहेब! पाहुन्याले करपलेला भात वाढू का?"

*

मग बांधीच्या मधोमधची माती नेली. रिपोर्ट एकदम फिका. शेत एकच, पाऊस एकच, राबणारे हात तेच. फरक फक्त झाडाचा! दोन्ही कागद शेजारी मांडून मी कितीतरी वेळ बघत बसलो.

*

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाईंनी बाभळीचं वीतभर रोपटं उपटून हातात दिलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. नखानं एक फोडली, तर आतून गुलाबी! शेंगांच्या झाडांच्या मुळांत जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून जमिनीला देतात, हे मी इतकी वर्षं मीटिंगमध्ये घसा फोडून सांगत आलो. सांगितलं होतं, पाहिलं नव्हतं! खरं सांगतो, अंगावर काटा आला.

बाई हसल्या. "तुमीच तं सांगत होते ना, साहेब? मंग तुमालेच काऊन एवढं नवल वाटून राह्यलं?"

*

पण त्यांच्या मुलाला, विलासला, ती बाभूळ डोळ्यांसमोर नको होती. ट्रॅक्टर वळत नाही, काटे टायरात घुसतात. त्याचंही खोटं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं झाडं तोडणाऱ्या म्हाताऱ्या झिबलभाऊंना सांगावा धाडला. बाईंनी लगेच मला फोन लावला. "साहेब, तुमी तरी समजवा त्याले!"

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन धावलो. विलासनं बघितलेही नाहीत. "कागदानं ट्रॅक्टर वळते का, साहेब?"

झिबलभाऊ कुऱ्हाड घेऊन हजर. धानाची रोपं आधी जिथं वाढवतात, त्या पऱ्ह्यांची जागा धरायचेही तेच दिवस. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "यंदा पऱ्हे तूच टाक. कुठी टाकतं ते तूच पाह्य."

विलास सगळी बांधी फिरला. इथली माती चिमटीत घेतली, तिथली घेतली. फिरत फिरत बाभळीखाली आला, वाकला, मूठभर माती दाबून बघितली. बाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"झिबलभाऊ," तो वर न बघता म्हणाला, "आज राहू द्या. पऱ्हे इथीच टाकतो, ते उपटून झाले का या."

झिबलभाऊंनी कुऱ्हाड परत खांद्यावर टाकली.

"तुया बापानंही मले हेच सांगतलं होतं!"