मी गप्प बसले आणि आमटीत तिघींनी मीठ घातलं

परवा धारला मोठ्या दिरांकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो होतो. देवासहून निघाल्यापासून गाडीत माझ्या सूचना चालूच... काच वर करा, डबा आडवा धरू नकोस, इंदूरच्या आत शिरू नका, बायपासने चला. शेवटी माझी लेक मुक्ता म्हणाली, "आई, किती बॉसी आहेस गं तू!"

हसत म्हणाली, पण मला लागलं. खोटं कशाला सांगू!

मोबाइलवर अर्थ बघितला. सारखे हुकूम सोडणारी, समोरच्याला काय वाटतं ते न विचारता. खाली उदाहरणादाखल दिलेल्या वाक्यांत एक बहीण, एक शेजारीण, एक मास्तरीण... पुरुष औषधालाही नाही! आमच्या कंपनीत साहेब दिवसभर हेच करतात, त्यांना सगळे 'डायनॅमिक' म्हणतात.

तरी मी हट्टाने ठरवलं... आज तोंड उघडायचंच नाही. बघू या काय होतं ते.

आता आमच्या घरची पद्धत सांगते. नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही. म्हणून मीठ कशात पडलं, कशात नाही, हे एकीने लक्षात ठेवायचं आणि मोठ्याने सांगायचं. कित्येक वर्षं ती एक म्हणजे मी.

यंदा पुतण्याची नवी बायको रेवा होती, आमच्या देवासकडच्याच बागली गावची. तिच्या पहिल्याच महालक्ष्म्या, कटाची आमटी तिच्याकडे, आणि तिच्या माहेरची माणसंही जेवायला येणार. पोरगी सकाळपासून धास्तावलेली होती.

मी गॅसकडे पाठ करून गवार निवडत बसले, मूग गिळून. मागे सगळ्यांची ये-जा चालली होती. कोण कशात काय घालतंय, मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आणि रेवा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काकू, आमटीत मीठ कोणी घातलं का? मी तर घातलं... पर जाऊन बघते तो मिठाचा डब्बा उघडा. बताओ ना, काकू!" आवाज रडवेला झालेला.

मी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, मी घातलं की. मुक्ता म्हणाली, अगं, मीही घातलं. रेवाचं धरून तीनदा! तिचे डोळे भरून आले, आणि नैवेद्याला जेमतेम तास उरला होता. मला माझ्या हट्टाची अशी लाज वाटली म्हणून सांगू!

मग उठलेच मी. ती आमटी बाजूला. जाऊबाई, डाळ पुन्हा कुकरला लावा. मुक्ता, फोन ठेव, खोबरं भाज. हॉलमध्ये गप्पा ठोकत बसलेल्या पुतण्याला इंदुरी थाटात हाक मारली, "ओ भिया, चिंच घेऊन या, पळा!" सगळे पळाले, कोणी तोंड वाकडं केलं नाही. मुक्ता तर सगळ्यात जास्त पळाली.

रेवाला एकच सांगितलं. मीठ तूच घालायचंस आणि ओरडून सांगायचंस. ती पुटपुटली. म्हटलं, ऐकू नाही आलं! तर बाईसाहेब अशा ओरडल्या... "आमटीत मीठ पडलं! अब कोई हाथ नहीं लगाएगा!" बाहेर दिरांच्या हातातला चहा हिंदकळला. आम्ही पोट धरधरून हसलो.

नैवेद्य झाल्यावर जाऊबाईंनी ती पहिली आमटी चमचाभर चाखून बघितली. त्यांचं तोंड बघायला हवं होतंत!

मुक्ताने हळूच सॉरी म्हटलं. मी म्हटलं, नको गं... गाडीतलं तुझं बरोबर होतं. तुझ्या बाबांना बायपास माहीत आहे. मिठाचं तेवढं वेगळं.

पंगतीत मी सवयीने पदर खोचून वाढायला उठले, तर रेवाने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. "काकू, बसायचं. उठायचं नाही. मी वाढते." आणि मी मुकाट बसले, अहो! आमटी अगदी बेताची झाली होती. तिच्या आईने दोनदा मागून घेतली, तेव्हा रेवाचा चेहरा काय फुलला होता!

थँक यू, रेवा बाळा. त्या घरात इतक्या वर्षांत मला कोणी पानावर बसवून गरम गरम वाढलं नव्हतं... कारण मी कोणाला वाढूच देत नव्हते.